विदर्भाच्या उन्हात मोटारीच्या काचेचे आणि हेडलाइटचे फिरते काम: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ग्राहकाच्या दारी जाऊन मोटारीच्या पुढच्या काचेवरचे टवके भरणे आणि पिवळे पडलेले हेडलाइट उजळवणे, असा धंदा नागपूर, चंद्रपूर, अकोला, अमरावती या पट्ट्यात सुरू करू इच्छिणाऱ्यांसाठी ही प्रश्नोत्तरे आहेत. हे काम कुठेही करता येते; परंतु जिथे मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या पुढे सरकतो, तिथे कामाची वेळ, साहित्य आणि ग्राहकाला दिली जाणारी हमी या तिन्ही गोष्टी बदलतात. थंड हवामान डोळ्यांपुढे ठेवून लिहिलेली किटसोबतची माहितीपुस्तिका येथे अर्धीच उपयोगी पडते.

काच दुरुस्त होते म्हणजे नेमके काय होते?

मोटारीची पुढची काच एकसंध नसते. काचेच्या दोन थरांमध्ये पॉलिव्हिनिल ब्युटिरल या पारदर्शक प्लास्टिकचा पातळ पडदा दाबून बसवलेला असतो, आणि म्हणूनच गिट्टी लागली तरी काच अंगावर कोसळत नाही. खडा लागल्यावर बहुतेक वेळा बाहेरच्या थराला टवका जातो आणि त्याच्या भोवतालच्या बारीक फटींत हवा शिरते. डोळ्यांना जो पांढुरका किंवा काळसर डाग दिसतो तो या हवेचा असतो. दुरुस्तीत ती हवा निर्वाताने खेचून काढली जाते, तिच्या जागी दाबाने रेझिन, म्हणजे पातळ पारदर्शक राळ, भरले जाते आणि अतिनील दिव्याखाली ते घट्ट केले जाते. काचेचा अपवर्तनांक, म्हणजे ती प्रकाश किती वळवते याचे माप, सुमारे १.५२ असतो आणि रेझिनचाही त्याच्या जवळपास ठेवलेला असतो. त्यामुळे प्रकाश फटीपाशी फारसा वळत नाही आणि डाग फिका होतो.

डाग फिका होतो, नाहीसा होत नाही. हे वाक्य ग्राहकाला काम सुरू करण्याआधी सांगावे, कारण तेच वाक्य काम संपल्यावर सांगितले तर सबब वाटते. दुरुस्तीचा खरा हेतू तडा पुढे सरकू न देणे हा आहे.

कोणत्या काचेला हात लावू नये?

बाजूच्या आणि बहुतेक गाड्यांच्या मागच्या काचा टफन्ड असतात. त्या फुटल्या की त्यांचा चुरा होतो, तेव्हा तिथे दुरुस्तीचा प्रश्नच उद्भवत नाही. पुढच्या काचेतही आतल्या थराला इजा झाली असेल, मधल्या पडद्याला छेद गेला असेल, तडा काचेच्या कडेपर्यंत पोहोचला असेल किंवा फटीत महिनोन्महिने धूळ आणि साबणाचे पाणी मुरले असेल, तर काम नाकारावे. आरशामागे कॅमेरा असलेल्या गाड्यांमध्ये कॅमेऱ्याच्या नजरेसमोरचा टवकाही भरू नये. अशा गाड्या आता आपल्याकडेही रोज दिसतात, आणि भरलेल्या जागेतून कॅमेऱ्याला काय दिसेल याची खात्री फिरत्या कारागिराला देता येत नाही.

आकाराच्या बाबतीत एक उपयुक्त मोजमाप ब्रिटनमधील वाहन-तपासणीच्या नियमांत सापडते. स्टिअरिंगच्या मध्यरेषेवर धरलेल्या २९० मिलिमीटर रुंदीच्या पट्ट्यात १० मिलिमीटरपेक्षा मोठी इजा तिथे चालत नाही, आणि वायपर फिरतो त्या उरलेल्या भागात ही मर्यादा ४० मिलिमीटर आहे. आपल्यावर तो नियम बंधनकारक नाही. तरीही चालकाच्या थेट नजरेसमोरचा टवका भरल्यावरसुद्धा रात्री समोरून येणाऱ्या दिव्यांत चमकतो, म्हणून तेवढ्या भागात आपणही तितकेच कडक असावे.

उन्हाळ्यात काम करताना काय वेगळे करावे लागते?

या धंद्याचा खरा अभ्यास येथे आहे, म्हणून हे उत्तर थोडे लांबले आहे.

पहिली अडचण तापलेल्या काचेची. उन्हात उभ्या असलेल्या गाडीची काच हवेच्या कितीतरी पुढे तापते. हात ठेवताच तो आपोआप मागे येतो. तापलेली काच प्रसरण पावते, फटीच्या कडा एकमेकींना चिकटतात आणि बारीक फटींच्या टोकांपर्यंत रेझिन पोहोचत नाही. त्याच वेळी रेझिन मात्र उष्णतेने पातळ होऊन इंजेक्टरच्या, म्हणजे ते फटीत दाबून भरणाऱ्या यंत्राच्या, रबरी कडेखालून पाझरू लागते. अशा स्थितीत दाब वाढवला की ताणाखाली असलेली काच पुढे चिरत जाते. काच साधारण २० ते ३० अंशांच्या दरम्यान असताना काम सर्वांत चांगले होते, आणि ३५ च्या वर शक्यतो इंजेक्टर लावूच नये.

दुसरी अडचण प्रत्यक्ष सूर्याची. रेझिन अतिनील किरणांनी घट्ट होते आणि आपल्या आकाशात ते किरण फुकट मिळतात. उघड्या उन्हात टाकलेला थेंब फटीत उतरण्याआधीच गोठू लागतो आणि अर्धी फट कायमची हवेने भरलेली राहते. एकदा घट्ट झालेले रेझिन बाहेर काढता येत नाही, त्यामुळे दुसरी संधी नसते.

म्हणून उन्हाळ्यात पुढचा क्रम पाळावा. गाडी इमारतीच्या पार्किंगमध्ये किंवा दाट सावलीत किमान अर्धा तास उभी करावी आणि दारे उघडी ठेवावीत. काच लवकर निवावी म्हणून तिच्यावर पाणी ओतू नये, ओले फडके ठेवू नये आणि एसीचा झोत थेट काचेवर सोडू नये. एसी लावायचाच असेल तर वाऱ्याची दिशा पायांकडे ठेवावी. त्यानंतर इन्फ्रारेड तापमापकाने टवक्याभोवती चार-पाच ठिकाणी तापमान मोजावे. हा तापमापक अधूनमधून दुसऱ्या यंत्राशी ताडून पाहणेही बरे. मे २०२४ मध्ये नागपुरातल्या एका स्वयंचलित हवामान केंद्राने ५६ अंशांची नोंद करून देशभर खळबळ उडवली होती आणि चौकशीअंती दोष संवेदकाचा निघाला. झाडाची सावली पुरेशी नसते, कारण पानांतून उतरणारे कवडसे टवक्यावर नेमके पडतात. काचेवर जाड काळे कापड किंवा अतिनील किरण अडवणारी छत्री धरावीच लागते.

वेळेपुरते बोलायचे तर एप्रिल ते जूनच्या मध्यापर्यंत काचेचे काम सकाळी साडेपाच ते साडेनऊ आणि संध्याकाळी सूर्य कलल्यानंतरच घ्यावे. रात्रभर उघड्यावर उभी असलेली गाडी पहाटे कामासाठी सर्वांत उत्तम असते.

छोटा टवका उन्हाळ्यात एकाएकी लांब तड्यात का बदलतो?

साध्या काचेची लांबी दर अंशाला मीटरमागे सुमारे नऊ मायक्रोमीटर वाढते. जेमतेम दीड मीटर रुंदीची काच ४० अंशांनी तापली तर तिची रुंदी अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास वाढते. सगळी काच सारखीच तापली असती तर फारसे बिघडले नसते. पण दुपारी दोन वाजता गाडीत बसून माणूस एसी पूर्ण वेगाने काचेकडे सोडतो, तेव्हा आतला थर आकसू लागतो आणि बाहेरचा थर प्रसरण पावलेलाच राहतो. हा सगळा ताण टवक्याच्या टोकदार कडेवर एकवटतो. «काल एवढासा होता, आज हातभर झाला» असे फोन याच कारणाने येतात, आणि त्यांतले बहुतेक दुपारनंतर येतात.

ग्राहकाचा फोन आला की काय विचारावे?

टवक्याशेजारी दहा रुपयांचे नाणे धरून फोटो पाठवायला सांगावे. या नाण्याचा व्यास २७ मिलिमीटर असतो. टवक्याचे फाटे नाण्याखाली झाकले जात असतील तर बहुधा काम होण्यासारखे असते. दुसरा फोटो गाडीच्या आत बसून, चालकाच्या जागेवरून काढायला सांगावा. आपण पोहोचेपर्यंत टवक्यावर पारदर्शक चिकटपट्टी लावून ठेवावी, गाडी धुऊ नये आणि कुणाचेही ऐकून त्यात फेविक्विक भरू नये, एवढे आवर्जून सांगावे. असा गोंद फटीचे तोंड बंद करतो आणि त्यानंतर रेझिनला आत जायला वाट उरत नाही. इतक्या चौकशीनंतर निम्म्या वाया जाणाऱ्या फेऱ्या वाचतात, आणि फिरत्या धंद्यात पेट्रोलच नफा खाते.

सुरुवातीला काय साहित्य लागते?

इंजेक्टर आणि तो काचेवर धरून ठेवणारा सक्शन कपचा ब्रिज, दोन-तीन वेगवेगळ्या जाडीची रेझिने, वरचा खळगा भरण्यासाठीचे घट्ट रेझिन, रेझिन घट्ट होताना त्यावर ठेवायच्या पारदर्शक क्युअरिंग पट्ट्या, अतिनील दिवा, बारीक टोचणी, ब्लेड, छोटा आरसा, भिंग आणि तापमापक, एवढे काचेसाठी पुरते. उन्हाळ्यासाठी त्यांतले जाड रेझिन अधिक घ्यावे. आरसा अनेक जण घेत नाहीत आणि तिथेच फसतात. तो गाडीच्या आतून काचेमागे धरला की बाहेर उभ्या उभ्या टवक्याचा तळ दिसतो. ताऱ्यासारख्या टवक्याचा एकेक फाटा रेझिन शिरताच काळा रंग सोडून विझत जातो, आणि शेवटचा फाटा विझेपर्यंत दाब व निर्वात आलटूनपालटून देत राहावे लागते.

हेडलाइटसाठी ४०० पासून ३००० नंबरपर्यंतचे वॉटर पेपर, मास्किंग टेप, बॅटरीवर चालणारे पॉलिशिंग मशीन, पॉलिशचे कंपाउंड, आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि अतिनील-संरक्षक कोटिंग लागते. हे सर्व दुचाकीच्या डिकीत आणि पाठीवरच्या पिशवीत मावते. पहिल्या वर्षी व्हॅन घेण्याचा मोह टाळावा, असे आमचे स्पष्ट मत आहे.

रेझिन आणि कोटिंग उन्हाळ्यात कसे सांभाळावे?

बंद डिकीत दुपारी ते खराब होते, हे गृहीतच धरावे. बाटल्या काळ्या किंवा गडद रंगाच्या असाव्यात आणि त्या आइस बॉक्समध्ये ठेवाव्यात. परंतु बर्फाला चिकटून ठेवू नयेत, कारण गार बाटली उघडताच तिच्यात हवेतला ओलावा साकळतो. बाटलीवर उघडल्याची तारीख लिहावी.

हे काम शिकायचे कुठे?

काच विकणाऱ्या दुकानांच्या मागे बदललेल्या काचांचा ढीग पडलेला असतो. त्यांतल्या शाबूत भागांवर स्वतःच टोचा मारून टवके पाडावेत आणि ते भरावेत. किट विकणारे एक-दोन दिवसांचे प्रशिक्षण देतात. त्यातून हत्यारांची ओळख होते, हात मात्र भंगारातल्या काचांवरच बसतो. उन्हाळ्यासाठी शिकायचे असेल तर तीच काच एकदा सकाळी सावलीत आणि एकदा तासभर उन्हात ठेवून भरून पाहावी. दोन्ही दुरुस्त्या शेजारी ठेवल्या की वर सांगितलेले सर्व आपोआप पटते.

काच बदलून देण्याचे कामही घ्यावे का?

सुरुवातीला घेऊ नये. काच चिकटवण्यासाठी वापरले जाणारे पॉलियुरेथेन हवेतील ओलाव्याने घट्ट होते. विदर्भातला उन्हाळा तापट असला तरी अतिशय कोरडा असतो, त्यामुळे «ऊन आहे, लवकर सुकेल» हा समज येथे फसवा ठरतो. गाडी किती तासांनी रस्त्यावर न्यावी हे उत्पादकाच्या तक्त्यातून तापमान आणि आर्द्रता दोन्ही पाहून ठरवायचे असते. अपघातात एअरबॅगचा धक्का हीच काच पेलते. शिवाय कॅमेरा असलेल्या गाड्यांत काच बदलल्यावर तो पुन्हा जुळवून घ्यावा लागतो आणि ती यंत्रणा रस्त्यावर उपलब्ध नसते. एखाद्या चांगल्या काच-दुकानाशी समजूत करून अशी गिऱ्हाइके तिकडे पाठवावीत; दुकानदारही छोटे टवके आपल्याकडे पाठवू लागतो.

हेडलाइट पिवळे का पडतात आणि ते उजळवण्याची योग्य पद्धत कोणती?

आजच्या हेडलाइटचे कव्हर पॉलिकार्बोनेटचे असते आणि त्यावर कारखान्यातच एक कठीण संरक्षक लेप दिलेला असतो. सूर्याच्या अतिनील किरणांनी हा लेप आधी झिजतो, मग खालचे प्लास्टिक पिवळे आणि धुरकट होते. उघड्यावर, तोंड पश्चिमेकडे करून उभ्या राहणाऱ्या गाड्यांत हे लवकर होते. जुन्या अॅम्बेसेडरचे काचेचे दिवे कधी पिवळे पडत नसत, त्याचे कारण हेच.

काम हाती घेण्याआधी कव्हरवर पाणी मारून पाहावे. ओले असताना दिवा स्वच्छ दिसत असेल तर खराबी बाहेरच्या पृष्ठभागावर आहे आणि ती निघेल. ओला करूनही धुरकटच दिसत असेल तर दोष आतल्या बाजूचा किंवा प्लास्टिकच्या पोटातला आहे. कितीही घासले तरी तो जाणार नाही.

घासण्याचे काम ओल्या पेपरने, जाडाकडून बारीकाकडे, प्रत्येक टप्प्यावर घासण्याची दिशा बदलत करावे. जुना लेप अर्धवट ठेवू नये. घासताना पिवळसर दुधी पाणी यायचे थांबून पांढरे पाणी येऊ लागले की लेप गेला असे समजावे. बोअरचे जड पाणी डाग सोडते, म्हणून पाण्याचा कॅन घरूनच न्यावा. शेवटी अल्कोहोलने पुसावे. थिनर किंवा पेट्रोल लावू नये, कारण त्याने पॉलिकार्बोनेटला आतून बारीक चिरा पडतात.

यानंतर कोटिंग लावलेच पाहिजे. घासून आपण कारखान्याचा उरलासुरला लेपही काढून टाकलेला असतो, त्यामुळे नुसते पॉलिश करून सोडलेला दिवा पहिल्यापेक्षाही अधिक असुरक्षित असतो आणि एका उन्हाळ्यात पुन्हा पिवळा पडतो. पुसून लावायचे कोटिंग, दोन घटक मिसळून फवारायचा टू-के क्लिअर कोट आणि पारदर्शक संरक्षक फिल्म हे तीन पर्याय आहेत. क्लिअर कोट टिकाऊ असतो. मात्र त्यात आयसोसायनेट ही श्वासाला घातक रसायने असतात, त्यामुळे योग्य कार्ट्रिज असलेल्या मास्कशिवाय तो फवारू नये, आणि सोसायटीच्या पार्किंगमध्ये मुले खेळत असताना तर मुळीच नाही. गरम कव्हरवर कोटिंग पसरण्याआधीच सुकते आणि संत्र्याच्या सालीसारखे खडबडीत होते, म्हणून तेही काम सूर्यास्तानंतरच करावे. वावटळ उठत असेल तर त्या दिवशी करूच नये.

टूथपेस्ट किंवा वाफेच्या किटने काम होत नाही का?

टूथपेस्टने दिवा काही आठवडे चमकतो, कारण ती सौम्य घर्षक आहे आणि संरक्षण काहीच देत नाही. वाफेच्या किटमध्ये डायक्लोरोमिथेनसारखे द्रावक तापवून त्याची वाफ कव्हरवर सोडतात. पृष्ठभाग किंचित विरघळून काचेसारखा चकाकतो आणि व्हिडिओत फार सुंदर दिसतो. ही वाफ श्वासातून शरीरात जाणे घातक असते आणि प्लास्टिकवरचा ताणही वाढतो. आमच्या मते हा मार्ग धरू नये.

दर कसा ठरवावा, आणि विमा असताना ग्राहक खिशातून पैसे का देईल?

दर सांगण्याआधी ग्राहकाला त्याच्याच विम्याचा हिशेब मांडून दाखवावा. सर्वसमावेशक पॉलिसीत काचेवर घसारा कापला जात नाही, हे खरे. तरीही १५०० सीसीपर्यंतच्या गाडीला १००० रुपये आणि त्यापुढील गाडीला २००० रुपये अनिवार्य वजावट असते, आणि दावा केला की नो-क्लेम बोनस, म्हणजे दावा न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, सहसा शून्यावर येतो. हा बोनस पाच वर्षांत २० टक्क्यांपासून ५० टक्क्यांपर्यंत चढलेला असतो. समजा, एखाद्याचा स्वतःच्या नुकसानीपुरता हप्ता बोनस वजा करण्याआधी १२,००० रुपये आहे आणि त्याला ५० टक्के बोनस मिळतो, तर एका टवक्याच्या दाव्यापायी पुढच्या वर्षी त्याला ६००० रुपये जास्त मोजावे लागतील. बोनस-संरक्षणाची जोड घेतलेल्यांचे गणित वेगळे असते. तेव्हा आधी पॉलिसी पाहावी आणि मगच बोलावे.

दर टवक्यागणिक सांगावा आणि त्याच काचेवरच्या दुसऱ्या टवक्याला सवलत द्यावी. दिवसात किती कामे होतील हे मोजताना उन्हाळ्यातल्या दोन छोट्या पाळ्याच हिशेबात धराव्यात, नाहीतर कागदावरचा नफा कागदावरच राहतो.

गिऱ्हाईक कुठे मिळेल?

नागपूर ते मुंबई हा ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग जून २०२५ मध्ये संपूर्ण खुला झाला आणि लांब पल्ल्याचे वेगवान प्रवास वाढले. वेगात लागलेला लहान खडाही टवका पाडतो. चंद्रपूर, घुग्घुस, वणी या कोळसा पट्ट्यात टिपरमागून जाणाऱ्या गाड्यांची स्थिती पाहिली की गिऱ्हाईक शोधावे लागेल असे वाटत नाही. नागपूरलगतच्या वाडीसारख्या वाहतूक-व्यवसायाच्या भागात ट्रॅव्हल्स आणि टॅक्सीवाल्यांशी ठरावीक मासिक व्यवहार करता येतो. व्यावसायिक वाहनांना आठ वर्षांपर्यंत दर दोन वर्षांनी आणि त्यानंतर दरवर्षी फिटनेस प्रमाणपत्र घ्यावे लागते, त्याआधी त्यांचे हेडलाइट उजळवून देण्याचे काम नियमित मिळते. शहरात मोठ्या फ्लॅट स्कीममध्ये रविवारी सकाळी एकाच तळघरात चार-पाच गाड्या होतात. सावली फुकट मिळते आणि फेरीही एकच पडते.

जुन्या गाड्यांचे विक्रेते भरपूर काम देतात, पण बहुतेकांना कोटिंगशिवायची स्वस्त चमक हवी असते. ते काम घ्यायचेच असेल तर बिलावर «कोटिंग नाही, हमी नाही» असे स्पष्ट लिहावे.

सोबत काळी फिल्म लावून द्या, असे ग्राहक म्हणतात. काय करावे?

पुढच्या आणि मागच्या काचेतून किमान ७० टक्के, तर बाजूच्या काचांतून किमान ५० टक्के प्रकाश आरपार जाणे नियमाने आवश्यक आहे. ऊन कितीही असले तरी गडद फिल्म या मर्यादेत बसत नाही. नम्रपणे नाही म्हणावे.

कोणती नोंदणी आणि कर्ज?

उद्यम नोंदणी ऑनलाइन आणि निःशुल्क होते. मोजकेच कामगार असतील तर महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना अधिनियमानुसार केवळ ऑनलाइन सूचना द्यावी लागते. सेवा-व्यवसायाला वार्षिक उलाढाल २० लाखांच्या पुढे गेल्यावर जीएसटी नोंदणी आवश्यक ठरते. कंपन्यांच्या ताफ्याचे काम घेणाऱ्यांना ती आधीच मागितली जाते. दुचाकीवरच्या सुरुवातीला मुद्रा योजनेतील ५० हजारांपर्यंतचे शिशु कर्ज पुरावे.

काम चालू असताना काच पूर्ण चिरली तर जबाबदारी कोणाची?

हे कधी ना कधी होणारच, कारण काचेत आधीचा ताण किती आहे हे बाहेरून दिसत नाही. म्हणून काम सुरू करण्याआधी इजेचा फोटो काढावा, काचेचे तापमान लिहावे आणि तडा वाढण्याची शक्यता नमूद केलेल्या चिठ्ठीवर ग्राहकाची सही घ्यावी. चिरलीच, तर मजुरी घेऊ नये. मात्र ग्राहकाच्या घाईपोटी ४५ अंशांच्या काचेवर इंजेक्टर लावला असेल, तर सहीची चिठ्ठी दाखवून हात झटकणे आम्हाला पटत नाही.

नवतपा सुरू असताना धंदा बंद ठेवावा का?

पूर्ण बंद ठेवण्याची गरज नाही. मेच्या अखेरीस सुरू होणाऱ्या या नऊ दिवसांत, आणि त्याच्या आगेमागेही, उष्णता टोकाला जाते. नागपुरात २३ मे २०१३ रोजी ४७.९ अंशांची नोंद झालेली आहे. या काळात लांब तड्यांची कामे पावसानंतरवर ढकलावीत आणि फक्त लहान टवके पहाटे घ्यावेत. दुपारी फोटो पाहून दर सांगणे, बिले, ताफ्यांच्या व्यवस्थापकांना भेटणे आणि भंगारातल्या काचांवर सराव अशी कामे लावून घ्यावीत. सोबत पाणी, ओआरएस आणि डोक्याला दुपट्टा असावा. चक्कर किंवा मळमळ जाणवली तर काम तिथेच थांबवावे, इंजेक्टर काचेवर लावलेला असला तरी. जूनच्या मध्यावर पाऊस आला की उलट काळजी सुरू होते. फटीत पाणी राहते आणि रेझिन भरण्याआधी ती फट पूर्ण वाळवावी लागते. त्या दिवसांत छत असलेल्या जागेची चौकशी फोनवरच करून ठेवावी.